कोण कुणाचं लागतं

मार्च अर्धा सरला की आमच्या गल्लीचा आवाज खाली येतो. टीव्ही बारीक होतात, बायका भांडी जपून ठेवतात, दुपारी कुणी कुणाच्या दाराची कडी वाजवत नाही. कुणाच्या ना कुणाच्या घरात दहावी असते, नाहीतर बारावी. मला निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी या दिवसांत माझ्या उंबऱ्याबाहेर दोन-चार चपलांचे जोड येतातच. इंग्रजीच्या बाई म्हणून लोकांनी मला अजून सोडलेलं नाही. नाही म्हणायचाही शीण येतो, म्हणून मी हो म्हणते.

परवा वरच्या मजल्यावरची मुलगी भाषांतराचा सराव घेऊन बसली होती. 'धिस फील्ड बिलाँग्ज टु माय अंकल.' तिनं लिहिलं, हे शेत माझ्या काकांचं आहे. बरोबर होतं. मी खूण करून वही परत दिली. पण ती वहीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, यातलं बिलाँग कुठं गेलं?"

"'काकांचं'मधल्या 'चं'मध्ये गेलं," मी म्हटलं.

तिचं समाधान झालं. परीक्षा जवळ आली की पोरं लवकर समाधानी होतात. ती गेली आणि मी पंख्याखाली आडवी झाले. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. डोळे मिटले, पण झोप आली नाही. इतकी वर्षं शिकवूनही त्या एका क्रियापदाशी माझं नीट जमलेलं नाही. इंग्रजांना वस्तू कुणाची हे सांगायला अख्खं क्रियापद घालावं लागतं. वस्तू नुसती पडून असते, तरी ती काहीतरी करते आहे असं त्यांचं व्याकरण म्हणतं. माणूस एखाद्या गावचा असतो तेव्हाही तो तेच करत असतो. तांब्या फळीवर आणि चपला दाराबाहेर, म्हणजे आपापल्या जागी असतात, तेव्हा त्यांचंही तेच चाललेलं असतं. आपण हे सगळं एका प्रत्ययावर भागवतो. हे कुणाचं, तू कुणाची, तुम्ही कुठले. विचारणाराला दमायला होत नाही आणि सांगणारालाही.

या शब्दाची आणि माझी गाठ पडली ती हर्सूलला, मी मॅट्रिकला होते त्या उन्हाळ्यात.

आमचं घर करमाडला. शेती होती, पण गावात पुढची शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी मला शहराजवळ आणून आपल्या धाकट्या बहिणीकडं ठेवलं होतं. वडिलांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, त्यांची बहीणसुद्धा. आणि तिला आम्ही कलाआत्या म्हणायचो. हर्सूल तेव्हा शहरात आलेलं नव्हतं. रस्त्याच्या एका अंगाला तुरुंगाची लांबलचक भिंत, पलीकडं तळं, आणि मधल्या काळ्या रानात भाजीचे मळे. त्यातल्या एका तुकड्यावर कलाआत्या बटईनं भाजी करायची. जमीन दुसऱ्याची आणि कष्ट तिचे. मेथी, कोथिंबीर, वांगी, उन्हाळ्यात काकड्या. सकाळी टोपली डोक्यावर घेऊन मंडईत जायची, ऊन तापायच्या आत परत यायची. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीसमोर कडुलिंब. त्या लिंबाखाली पोतं अंथरून मी अभ्यास करायची. आजही ओल्या कोथिंबिरीचा वास आला की मला इतिहासाच्या सनावळ्या आठवतात. मंडईत उभी असले तरी आठवतात, आणि मग मी काय घ्यायला आले होते तेच विसरते.

घरात तिघी होतो. आत्या, मी आणि आत्याची सासू, काशीआजी. आजींच्या दोन्ही डोळ्यांत सारा पडून दिसेनासं झालं होतं. दिवसभर त्या ओसरीच्या खांबाला टेकून बसायच्या आणि हाताला येईल ते काम करायच्या, शेंगा सोलणं, जुड्या बांधणं. दोघी आपसात फार बोलायच्या नाहीत. इतकी वर्षं एकत्र राहिल्यावर बोलायचं काही उरत नसावं.

आत्याचं लग्न कन्नडकडच्या एका शेतकरी घरात झालं होतं, ती पंधरा-सोळाची असताना. दुसऱ्याच वर्षी रझाकारांची धामधूम सुरू झाली. घाटाखाली निजामाची हद्द संपून स्वतंत्र हिंदुस्थानचा मुलूख लागायचा, तिथं हद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कँप होते. गावोगावची तरणी माणसं घाट उतरून तिकडं गेली. आत्याचा नवराही गेला. त्याचं नाव नामदेव. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कँपातली माणसं गुलाल उधळत घरी आली. नामदेव आला नाही. मेला म्हणावं तर कुणी मेलेला पाहिला नव्हता. पुढं कुणीतरी सांगत आलं की तो चाळीसगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे आणि त्यानं तिथंच एका बाईशी घर मांडलं आहे. आत्या तरी सासरीच राहिली, दिरांच्या चुलीवर राबत राहिली. मग एक दिवस दिरांनी तिला सांगितलं, नवरा नाही तर तू इथं कुणाची म्हणून राहतेस? तू आपल्या माहेरी जा.

तिनं लुगड्याचं बोचकं बांधलं. तेव्हा काशीआजी ओसरीवरून उठल्या आणि आपलंही बोचकं बांधायला लागल्या. लेक म्हणाले, "माय, तू कुठं निघालीस?" त्या म्हणाल्या, "ही चालली, म्हून मी चालले." एवढंच. दोघी निघाल्या. करमाडला आमच्याकडं काही दिवस राहिल्या, पण भावाच्या संसारात सासूसकट राहणं आत्याला जड वाटलं. तिनं हर्सूलचा तुकडा बघितला. हे सगळं मला कुणी एका बैठकीत सांगितलेलं नाही. शेंगा सोलताना, पाणी वळवताना तुकड्यातुकड्यानं कानावर आलं.

माझं इंग्रजी कच्चं होतं. मळ्याच्या पलीकडं कादरी मास्तर राहायचे. निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत इंग्रजी शिकवत. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या आणि चाळिशी ओलांडलेले मास्तर बाराखडी गिरवायला बसले, कारण नोकरी टिकवायची तर मराठीची परीक्षा देणं भाग होतं. त्यांचे दोघे भाऊ कराचीला गेले. तुम्ही का नाही गेलात, असं कुणी विचारलं की मास्तर म्हणायचे, "सामान बांधायचा कंटाळा." आता निवृत्त होऊन घरी असायचे. सकाळी उन्हं वर यायच्या आत मी त्यांच्या अंगणात जाऊन धडे वाचायची.

एका धड्यात ते क्रियापद आलं. मी त्याचा मराठी अर्थ वहीत लिहायला लागले तर मास्तरांनी हात वर केला.

"बेटी, तर्जुमा नक्को कर पहले. पहले उसकू चलते हुए देख."

मग त्यांनी अंगणातल्या मातीत काडीनं तो शब्द लिहिला आणि 'बि' आणि 'लाँग' यांच्यामध्ये एक रेघ मारली. 'बि' पुढं नुसतं जोर यायला लावलेलं, ते म्हणाले. मागं राहिलेलं 'लाँग' आपल्याला लांब या अर्थाचं वाटतं, पण जुन्या इंग्रजीत त्या घराण्यातल्या शब्दाचा अर्थ होता सोबत जाणं, एखाद्याच्या कडेनं असणं, हाताशी असणं. या शब्दाचाही अर्थ आधी तोच होता. अमुक वस्तू तमक्याच्या मालकीची, हे मागाहून चिकटलं.

"पहले साथ चलना था. मिल्कियत बादमें आई," मास्तर म्हणाले. "लोगां मिल्कियत याद रखे."

पुढं मी शिक्षिका झाले, मोठे कोश हाताशी आले, तेव्हा ते सगळं पडताळून पाहिलं. मास्तरांचं बरंचसं खरं होतं. फक्त ते 'लाँग' मुळात कुठून आलं, ते कोशकारांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. दुसरं एक 'लाँग' क्रियापद आहे, त्याचा अर्थ ओढ लागणं. दिवस लांब वाटतो, वाट लांब वाटते, त्यातून ओढ आली म्हणतात. ही दोन्ही लाँग एकाच बापाची असावीत असा काहींचा तर्क आहे. मला तो तर्क पटवून घ्यावासा वाटतो, पण मी वर्गात कधी सांगितला नाही.

मराठीत याला क्रियापदच नाही, असं मी मास्तरांना त्या दिवशी सांगितलं होतं. ते चूक होतं. क्रियापद आमच्या दारावरून रोज जात होतं. तुरुंगात भेटीला येणारी माणसं आमच्या लिंबाखाली टेकायची, कारण भिंतीच्या कडेला सावली नव्हती. लांबलांबच्या गावांहून आलेली, फडक्यात भाकरी बांधलेली. आत्यानं त्यांच्यासाठी ओसरीच्या कोपऱ्यात रांजण भरून ठेवलेला असायचा. ती माणसं आपसात बोलायची, फाटकावरचा शिपाई काय विचारतो ते एकमेकांना सांगून ठेवायची. शिपाई एकच विचारायचा, "कैदी तुमचा कोण लागतो?" भाऊ लागतो. मेव्हणा लागतो. कुणी काहीच लागत नसलं तर आत सोडायचे नाहीत. भूक लागते, ठेच लागते, वाटेत गाव लागतं, लावलेलं रोप मातीत लागतं, आणि माणूस माणसाचा कोणी लागतो. इतकं सगळं एकाच शब्दानं म्हणणारी भाषा मी बोलत होते आणि वहीत 'च्या, ची, चे' लिहीत होते.

परीक्षेला काही आठवडे उरले असतील. टळटळीत दुपार होती. आत्या मळ्यात होती, आजी आतल्या खोलीत पडल्या होत्या, मी लिंबाखाली. रस्त्यानं एक माणूस आला. पन्नाशीच्या आतबाहेरचा, वाळलेला, मळकं धोतर, खांद्याला पिशवी. तुरुंगावर आलेला असणार म्हणून मी उठून रांजणातलं पाणी दिलं. तो गटागटा प्यायला, दुसरा तांब्याही प्यायला. मी रोजच्यासारखं विचारलं, "कुणाला भेटायला आलात?"

"आईला," तो म्हणाला.

तुरुंगात बायकाही असतात हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "फाटक पुढं आहे, भिंतीच्या कडेनं जा."

तो गेला नाही. तांब्या हातात धरून घराकडं बघत राहिला. मग आतून आजींचा आवाज आला, "बाहेर कोण खोकलं गं?"

माझ्या लक्षातही आलं नव्हतं की तो खोकला होता. आजी भिंतीला धरत धरत दारात आल्या. त्यांना दिसत नव्हतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नामा?"

तो पायरीवर बसला. आजी चाचपडत त्याच्याजवळ गेल्या, खाली बसल्या, आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपायला लागल्या, कपाळ, नाक, गालफडं. रडलं कुणीच नाही. मी तिथंच उभी होते आणि कुठं बघावं ते मला कळत नव्हतं. मळ्याकडं धावत जावं असं वाटत होतं, पण गेले नाही.

आत्या आपल्या वेळेलाच आली. डोक्यावर वांग्यांची टोपली होती. लिंबापाशी आली आणि थांबली. तिनं त्याला ओळखलं, ते मला दिसलं, कारण टोपलीला धरलेला तिचा हात एकदम आवळला. मग तिनं टोपली सावकाश खाली उतरवली, चुंबळ झटकली, रांजणाशी जाऊन पाय धुतले. पदर नीट केला आणि सासूला म्हणाली, "माय, पाव्हणं जेवले का?"

त्यानं मान वर केली. काही बोलायला तोंड उघडलं, पण आत्या आत गेली होती. चुलीवर तवा टाकल्याचा आवाज आला.

चाळीसगावची बाई वारली होती. मूलबाळ नव्हतं. कन्नडला जाऊन आला तर भावांनी दारातूनच सांगितलं, आई हर्सूलला आहे, तिकडं जा. हे त्यानं जेवताना आजींना सांगितलं, आत्याला ऐकू जाईल अशा बेतानं. आत्यानं ऐकलं आणि त्याच्या ताटात आमटी वाढली.

चार-दोन दिवसांनी आप्पा करमाडहून आले. बातमी पोचायला वेळ लागत नाही. आप्पा खुशीत होते. बहिणीचं नशीब उघडलं असं त्यांना वाटत होतं, आणि तिनं आता त्याच्याबरोबर जोडीनं कन्नडला जाऊन आपला हिस्सा मागावा असंही वाटत होतं. मी पुस्तक उघडून बसले होते, पण एक ओळ वाचत नव्हते. आत्या कन्नडला गेली तर मी कुठं राहणार, परीक्षा कुठून देणार, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

"कला, चुकलं त्याचं," आप्पा म्हणाले. "पर दारात आला ना आता."

"आईच्या दारात आले," आत्या म्हणाली. ती जुड्या बांधत होती.

"दार तर तुहं हाय."

"म्हून तर बसू दिलं."

"असं नसतं कले. लई वर्सं काढलीस तू. आता कशाला वाकड्यात शिरती?"

"मी कुठंच शिरत नाय, आप्पा. माय म्हणती, त्याला ऱ्हाऊ दे. म्हून ऱ्हात्यात. मायचं मन मी मोडणार नाय."

"आन् तू?"

"मला वाफ्यात पाणी सोडायचंय."

आप्पांनी कपाळाला हात लावला. पाहुणा ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मान खाली घालून बसला होता, त्याला सगळं ऐकू जात होतं. आप्पा मग आवाज न उतरवता म्हणाले, "गावात लोकं इचारत्यात मला. हा माणूस तुहा कोण लागतो, तेवढं तरी सांगशील का?"

आत्याचा हात थांबला. तिनं आप्पांकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती थकलेली दिसत होती, दिवसभराचं काम उरकून अजून एक काम समोर आल्यासारखी.

"उन्हातून आलायस," ती म्हणाली. "जेवून घे."

आत्या कुठंच गेली नाही. त्याच ओसरीवरून मी पेपरांना गेले. सकाळी उठायची तर पाहुणा आधीच विहिरीवर असायचा. त्यानं मोट हाकायला घेतली, मग मंडईची टोपली न्यायला. आत्यानं नको म्हटलं नाही. कामाचं काही सांगायचं असलं तर ती सासूला सांगायची, "माय, पाव्हण्यांना म्हणावं, मिरचीला आज पाणी नको." तो दहा पावलांवर उभा असायचा. आजी मान हलवायच्या आणि मोठ्यानं तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या. मला आधी त्याचं हसू यायचं, मग यायचं बंद झालं. तो ओसरीवर निजायचा, पावसाळ्यात पाणी आत यायला लागलं तेव्हा त्यानंच ओसरीला कुडाची आडभिंत केली. ज्येष्ठी पौर्णिमेला शेजारची कडूबाई आत्याला वडाच्या पूजेला बोलवायला आली, आता तर तुझा मालक आलाय म्हणाली. आत्या गेली. वडाच्या मुळाशी पाणी घातलं, दोरा गुंडाळला नाही, परत आली.

मी पास झाले, कॉलेजात गेले, तिथंच त्या घरात राहून बी.ए. झाले. शहरातल्या एका शाळेत लागले, लग्न झालं. हर्सूलला रविवारी जायची. दरवेळी चित्र तेच असायचं. आजी खांबाशी, आत्या वाफ्यात, आणि तो विहिरीवर. लांबून बघणाराला ते एक साधं घर वाटलं असतं. मी त्याला मामा म्हणायची. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. आत्यानं मला कधी अडवलं नाही, पण मी तसं म्हटलं की ती दुसरीकडं बघायची.

काशीआजी गेल्या त्या एका हिवाळ्यात, ज्वारी हुरड्यावर आली होती तेव्हा. शेवटचे काही दिवस त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. आत्या एका अंगाला आणि तो दुसऱ्या, असं धरून त्यांना कुशीवर वळवायचे. तेव्हा एकमेकांशी बोलावंच लागायचं. "धरा," ती म्हणायची. "सोडा आता." मी इतक्या वर्षांत तेवढेच शब्द तिला थेट त्याच्याशी बोलताना ऐकले.

तेरावं झालं. पाहुणेरावळे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं तर त्यानं आपली पिशवी भरली होती आणि ओसरीच्या कडेला ठेवली होती. तो पिशवीजवळ बसून राहिला. आत्या आतबाहेर करत होती. मला वाटलं, ती थांबा म्हणेल. त्यालाही तसंच वाटत असावं, कारण तो उगाच पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधत होता. आत्यानं भाकरी केल्या, वर चटणी घातली, फडक्यात बांधून पिशवीवर ठेवल्या. मग खुरपं घेतलं आणि मळ्यात गेली.

मी त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले. तो चालता चालता म्हणाला, "तुही आत्या काय म्हणली का?"

"नाही मामा."

"बरुबर हाय," तो म्हणाला. "आई होती तोवर माहं चाललं."

सिल्लोडकडं जाणारी एसटी आली. तो पायरीवर चढला आणि तिथंच उभा राहिला. कंडक्टरनं विचारलं, कुठं. त्यानं मळ्याकडं बघितलं. आत्या वाकून खुरपत होती, तिची पाठ दिसत होती. कंडक्टरनं पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "फुलंब्री." दार लागलं, गाडी गेली.

मी मळ्यात आले. आत्यानं वर न बघता विचारलं, "गेले?"

"गेले."

"कुठलं तिकीट काढलं?"

"फुलंब्रीचं."

"फुलंब्रीला त्यांचं कोण हाय?"

"कोणी नसेल."

तिनं खुरप्याला चिकटलेली माती बोटानं काढली आणि पुढच्या सरीला लागली. मला काहीतरी विचारायचं होतं. तू थांबवलं असतंस तर तो थांबला असता, इतकी वर्षं गेली होती, कुणी तुला नाव ठेवलं नसतं. पण आत्याच्या पाठीकडं बघून मला ते विचारवलं नाही. आज मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे. माझे यजमान गेले, मुलगा पुण्याला त्याच्या घरी रमलाय. ये म्हणतो, पण तिथं गेलं की दुपारी काय करायचं ते मला कळत नाही. लोक विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी करमाडच्या म्हणते. करमाडला आता माझ्या ओळखीचं कुणी नाही, शेंद्र्याच्या कारखान्यांनी अर्धं शिवार खाल्लं. या शहराचंही नाव बदललं, जुनं नाव तोंडात येतं आणि मी ते गिळते. हल्ली मला वाटतं, माणूस माणसाचा कोणी लागायला किती वर्षं एकत्र काढावी लागतात, याचा हिशेब करणंच चूक आहे. पण तेवढं म्हणूनही काही सुटल्यासारखं वाटत नाही.

त्यानंतर एक-दोन उन्हाळे गेले असतील. शाळांच्या परीक्षा चालू होत्या, मी पेपर तपासायचे गठ्ठे घेऊन सुट्टीच्या दिवशी हर्सूललाच गेले होते, कारण लिंबाखाली पंख्यापेक्षा बरं वाटायचं. कादरी मास्तर तेव्हा नव्हते, त्यांच्या अंगणात कुणी दुसरंच राहायला आलं होतं. दुपारी आप्पा आले. त्यांचंही वय झालं होतं, रस्त्यावरून घरापर्यंत येताना दोनदा थांबले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "कला, चाळीसगावहून निरोप आलाय. नामदेव गेला. महिना होऊन गेला म्हणत्यात."

आत्या निवडत होती त्या भाजीत तिची बोटं तशीच राहिली.

"कोण होतं जवळ?" तिनं विचारलं.

"ते काय कळलं नाय."

आप्पा चाचरत म्हणाले, "आता बांगड्यांचं काय करायचं, ते तुहं तू बघ. मी काय सांगत नाय."

आत्या उठली. अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर तिनं हंडा ठेवला, काटक्या सारल्या. पाणी तापेपर्यंत चुलीशी बसून राहिली. मग आडोशाला जाऊन डोक्यावरून न्हाली. आम्ही दोघं ओसरीवर होतो, पाणी ओतल्याचा आवाज येत होता, बराच वेळ येत होता. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातांत बांगड्या तशाच होत्या आणि कपाळ कोरं होतं. लिंबाच्या सावलीबाहेर, उन्हात, ती केस मोकळे सोडून बसली.

कुंपणापलीकडून कडूबाईनं बघितलं. तिला नवल वाटलं असणार. "कला, भर दुपारची न्हालीस?" ती म्हणाली. "कोण गेलं गं?"

आत्यानं केसांतलं पाणी पिळलं.

"माह्या सासूचा लेक गेला," ती म्हणाली.